बसा, होतंय

मंगेशच्या धंद्यात पैसा किती साठला ते त्यालाच विचारा. किस्से मात्र आमच्या दुकानातल्या पंख्यावर पीठ साठतं तसे साठलेत. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण बोट फिरवलं की थर! आज थोडे झटकतो.

दुकान भाईंदरजवळ बेव्हर्ली पार्कला, थालीपिठाचं. थापते माझी बायको सुनंदा, गल्ला बघतो मुलगा मंगेश. मी दारात लाल स्टुलावर बसतो. माझं काम एकच. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "बसा, होतंय." थालीपीठ सावकाश होतं ना, तोवर माणूस धरून ठेवायचा. गिरगाव सोडून इथे आलो तेव्हा मला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. आता स्टुलावर एक दिवस दिसलो नाही, तर समोरची भाजीवाली विचारते, "काका, किधर था?"

* * *

मस्कतला शाखा काढायचं मंगेशच्या डोक्यात आलं, तेव्हा फ्रँचायझीचं सगळं जुळवून देणारे एक निखिल सर त्यानं आणले. कोवळा पोरगा, पण सर! त्यांनी वजनकाटा काढून थालीपिठं तोलली. एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेल तर शपथ!

"काकू, तिकडे सगळं सेम लागेल. तुम्ही साइज कसा ठरवता?"

"गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघून," सुनंदा म्हणाली. "उपाशी दिसलं की जाड."

सरांची बोटं लॅपटॉपवर तशीच थांबली. "मग मी लिहू काय?"

"लिहा, तोंड बघा!"

* * *

मग सरांची नजर माझ्यावर आली. म्हणजे स्टुलावर.

"मंगेश, एन्ट्रन्सला टोकन नंबरची स्क्रीन येईल. हे स्टूल काढावं लागेल."

मंगेश माझ्याकडे बघेना. घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही आता आराम करा. मस्त टीव्ही बघा."

"बघतो की," मी म्हटलं. "पण टीव्हीतल्या माणसाला 'बसा' म्हटलं तर तो बसत नाही रे."

सुनंदानं तोंडाला पदर लावला.

"मस्कतची पार्टी येऊन जाऊ दे, मग बघू," मंगेश म्हणाला. तेवढ्यापुरतं स्टूल वाचलं.

* * *

पार्टी म्हणजे परेशभाई. मूळचे भाईंदरचेच, मस्कतला त्यांची किराण्याची दुकानं. आले ते नेमके गर्दीत. मी म्हटलं, "बसा, होतंय." बसले. घड्याळ बघितलं, मी म्हटलं, "होतंय." मग गुडघेदुखीवर बोलत बसलो. त्यांचा उजवा, माझा डावा.

थालीपीठ आलं. परेशभाईंनी ते उचलून मधल्या भोकातून मंगेशकडे बघितलं.

"मंगेशभाई, बीच में से किसने खाया?"

"उसमें तेल छोडते है, भाईसाहब!" सुनंदा आतून ओरडली.

परेशभाई खूश! "होल भी आपका, पैसा भी आपका! ये धंदा मेरे को चाहिये. लेकिन यहाँ जैसा है, वैसा का वैसा!"

* * *

आणि त्यांनी खरंच वैसा का वैसा केलं. मंगेशनं मला मोबाईलवर मस्कतचं दुकान दाखवलं. आमच्या भिंतीवर सुनंदाची पाटी आहे, 'पंख्याखाली पेपर वाचत बसू नये.' तीच पाटी तिकडे, मराठीतच!

"एसी आहे ना रे? मग पंखा कशाला?"

"बाबा, आधी पाटी लावली. मग बघतात तर वर पंखाच नाही! म्हणून पंखा लावला."

"आणि कोपऱ्यात तो पेपर?"

"रोज नवा आणतात. फक्त कोणाला वाचायला देत नाहीत!"

मी पोट धरून हसलो. पण दाराकडे बघितलं तर तिथे स्टूल नाही, मोठी स्क्रीन. तेवढ्या बाबतीत सरांचं चाललं होतं.

"अशीच आपल्याकडे पण येतेय, बाबा," मंगेश हळूच म्हणाला. "ऑर्डर गेलीय."

* * *

उद्घाटनाचे हार सुकले नसतील, तोच परेशभाईंचा फोन. मंगेशनं स्पीकर लावला. सर शेजारीच होते.

"मंगेशभाई, पब्लिक गाली देती है! बोलते है, लेट, लेट! टाइम तो उतनाच लगता है जितना आपके यहाँ!"

"आपण स्क्रीन अजून मोठी करू या," सर म्हणाले.

"अरे, स्क्रीन देख के ही तो भडकते है! नंबर हिलता नहीं तो आदमी हिलने लगता है! वो काका किधर है? पैसा पूरा लिया, और काका नहीं दिया!"

तव्यापाशी उलथनं आपटलं.

"काका एकच आहे," सुनंदा म्हणाली. "मिळणार नाही!"

* * *

मग परेशभाईंनी आपले वडील माझ्याकडे शिकायला पाठवले. मस्कतच्या दारात तेच बसणार होते. बापूजी म्हणतात त्यांना. माझ्याशेजारी त्यांचं दुसरं स्टूल पडलं. जन्मभर दुकानदारी केलेला माणूस, बसणं काही जमेना! उठून टेबलंच पुसायचे. मी हाताला धरून परत बसवायचो. त्यांच्या गुजरातीत 'बेसो' पटकन आलं, पण 'थाय छे', म्हणजे 'होतंय', काही येईना. आधी आत डोकावायचे, खरंच होतंय का बघायचे, मगच सांगायचे!

"बापूजी," मी म्हणायचो, "तिथे सुनंदा आहे. तुम्ही गिऱ्हाईकाकडे बघा."

अशात एका दुपारी निखिल सर धावत आले. घामाघूम, दोन्ही हातांत फोन, मागे भलामोठा खोका घेतलेला माणूस.

"काका, मंगेश कुठाय? स्क्रीन आलीय! फिटिंगवाल्याला पुढे जायचंय, खूप अर्जंट आहे!"

मी म्हटलं, "बसा, होतंय."

मी बापूजींकडे बघितलं. ते आत डोकावले नाहीत. सरांच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाले, "बेसो, थाय छे."

तेवढ्यात मंगेश बाहेर आला. त्यानं खोक्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आमच्या दोघांकडे बघितलं. आत गेला आणि तिसरं स्टूल घेऊन आला.