तात्या पेंटरांची तिरकी अक्षरं

परवा भिगवणला कबड्डी स्पर्धेचा फ्लेक्स बघितला आणि डोकं सणकलं. जाडजूड, पुढं झुकलेली, कडा खरवडल्यासारखी अक्षरं. आमच्या मंडळाचे जुने अध्यक्ष आबा शेजारी उभे होते. कौतुकानं म्हणाले, "काय दमदार हाय! कंप्युटरमधला नवा फॉन्ट म्हणं."

नवा? पंचवीस वर्षांपूर्वी जळोचीच्या मैदानावर तात्या पेंटरांनी स्पर्धेच्या फळ्यावर अशीच अक्षरं हातानं काढली होती. मी संघाचा कप्तान होतो. निळीच्या दोरीनं मारलेल्या रेघा, टर्पेंटाईनचा वास, आणि सुकत आलेल्या ब्रशनं मुद्दाम खरबरीत ठेवलेल्या कडा मला अजून आठवतात. फळा बघून हेच आबा कडाडले होते, "पिऊन लिवलं का? सरळ कर!"

तात्या शांतपणे म्हणाले, "आबा, चढाईला निघालेला गडी सरळ उभा ऱ्हातो व्हय?"

तरी आबांनी पुसायला लावलंच. तात्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं आपलीच ओली अक्षरं पुसली.

परवा मी आबांना त्याची आठवण दिली. "कुठली अक्षरं?" ते म्हणाले.

मला त्यांचा संताप आलाच. पण सात-सात गडी अंगावर घेणारा मी, त्या दिवशी फळ्यासमोर हाताची घडी घालून गप्प उभा होतो.