बोटवाल्यांची दुसरी बाज

“बोटवाले भ्रमिष्ट होते, रिकाम्या बाजेला जेवू घालायचे,” असे वलगावात सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्यांचा उंबरा ओलांडलेला नाही. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आहे, आणि ठामपणे लिहितो, की माझ्या या शेजाऱ्याइतका शुद्धीवरचा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही.

उभे आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून हा एकटा जीव काळ्या मातीत परतला, तो खलाशांचा प्राचीन कायदा मुखोद्गत करून. खलाशांचे मत घेतल्याखेरीज कप्तानाने बंदर सोडू नये, हे त्यातले पहिले कलम. अमरावतीच्या ऑटोत बसले, की ते प्रत्येक उतारूला हवा कशी आहे ते विचारीत. एकदा वांग्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोघींनी गमतीने “वाईट” म्हटले. बहुमत विरुद्ध गेले, म्हणून हे मुकाट्याने उतरून घरी आले. “चाचा, ऑटो हवेवर नाई, गॅसवर चालते,” असे ऑटोवाल्याने मागून ऐकवले. त्याच्या अज्ञानाला त्यांनी उदारपणे क्षमा केली.

दुसरे कलम मात्र ते हसून सांगत नसत. आजारी खलाशाला किनाऱ्यावर उतरवले, तर त्याला छप्पर, दिवा, जहाजावरचेच अन्न आणि सोबतीला एक माणूस द्यावा. त्यांच्या खोलीत एक दुसरी बाज होती. भर दुपारी तिच्या उशाशी दिवा जळे, ताटात भाकर असे. निजणाऱ्याच्या वजनाने बाज सैल होते, म्हणून दर शुक्रवारी ते तिची दोरी ताणून बांधीत. मी कारण विचारले, तेव्हा दिव्याची वात सारखी करीत म्हणाले, “गुरुजी, आमच्या जोडीदाराले ताप होता. परक्या बंदरात उतरवलं त्याले. कप्तानानं इचारलं, हवा कशी हाय? पयले मीच म्हनलं, चांगली हाय, चला. ना दिवा ठेवला, ना मानूस.”

यंदाच्या उन्हाळ्यात ते स्वतःच तापाने पडले. कायद्याप्रमाणे मी दिवा लावला, भाकर आणली, सोबतीला बसलो. “माह्याकडं मंग पाहा, पयले त्याची दोरी ताना,” एवढेच त्यांनी मागितले. मी ताणली. चौथ्या दुपारी दुसऱ्या बाजेकडे वळून त्यांनी हळूच विचारले, “हवा कशी हाय?” उत्तर मला ऐकू आले नाही. त्यांना आले असावे. चेहरा निवळला, आणि ते गेले.

तापातला भ्रम, असे लोक म्हणतात. म्हणोत. त्या चार दिवसांत त्या बाजेवर कोणी टेकले नाही, मीही नाही. माझ्या हाताने ताणलेल्या तिच्या दोरीला माणसाएवढा झोळ पडला होता.