सापाचा दिवा

तोक्तोसुन म्हणजे ‘थांबो’. त्याच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली, म्हणून आईने तिसऱ्याला हे नाव ठेवलं. तो थांबला, आणि मोठेपणी नेमका टॅक्सीवाला झाला. आठवड्यातून चारदा आमच्या सुउसामीर गावाहून त्यो-आशूचा घाट चढून पलीकडे कारा-बाल्ता शहराला जायचं आणि उजेड असेतो परत यायचं. गावातल्या म्हाताऱ्या त्याला चिडवायच्या, "थांब थांब म्हणून आईचा घसा सुकला, आणि हा बघा, बुडाला चाकं लावून फिरतोय!" तेव्हा तो हसायचा.

मी जिपारा. गावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याची मला लाज वाटणार आहे.

दहा वर्षांपूर्वी तोक्तोसुनने बिश्केकच्या बाजारातून वापरलेली जपानी गाडी आणली. स्टिअरिंग उजव्या हाताला, सगळी अक्षरं परकी, आणि चालू केली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलायची. "काय म्हणते रे ही?" असं कोणी विचारलं की तो सांगायचा, "मागे बसलेल्यांनी जरा कमी खावं म्हणते." विकणाऱ्याने जाता जाता एक कळ दाखवली होती. बर्फात ही दाबायची. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. कळ दाबून धरली की समोर एक पिवळा दिवा लागायचा. त्यात छोटीशी गाडी, तिच्या मागे दोन नागमोडी रेघा आणि खाली तीन अक्षरं. रेघांवरून त्याने त्या दिव्याचं नाव ठेवलं साप.

कळ न दाबताही घाटात चाक जागच्या जागी फिरलं की दिवा आपोआप लुकलुकायचा. तेव्हा खालची अक्षरं नसायची, आणि त्याच वेळी इंजिनाचा जोर ओसरायचा. तोक्तोसुनला हे आवडत नसे. त्याचं म्हणणं, साप अर्धवट झोपेत आहे, म्हणून गाडी कच खाते. कळ दाबली की दिवा स्थिर पेटून राहतो, म्हणजे साप पुरता जागा झाला. हे सगळ्यांना पटलं. दिवा पेटला म्हणजे चालू, हे कोणाला पटणार नाही? त्यातून आमच्याकडे सापाला कोणी मारत नाही. घरात शिरला तर त्याच्या डोक्यावर दुधाचे थेंब शिंपडतात आणि वाट मोकळी करून देतात. अशा पाहुण्याची राखण आहे म्हटल्यावर लोक निश्चिंत बसायचे. घाटाच्या पायथ्याशी तो गाडी थांबवायचा, सगळे तळहात चेहऱ्यावरून फिरवून ‘ओमिन’ म्हणायचे, आणि मग तो कळ दाबायचा. त्याचं बघून गावातल्या सहाही टॅक्सीवाल्यांनी तेच सुरू केलं.

पुढची सीट त्याच्या बायकोची. सोनुनबूबू दर गुरुवारी साय आणि कुरूत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकायला कारा-बाल्ताला निघायची. निघताना पुढच्या चाकांवर दूध शिंपडायची आणि मोठ्याने म्हणायची, "अक जोल!" पांढरी वाट लाभो, असा आमचा निरोप आहे. हिवाळ्यात तोक्तोसुन दरवेळी कुरकुरायचा, "अगं, वाट पांढरी आहे हीच तर अडचण आहे. काळी माग, काळी!" मागे आम्ही हसायचो. मी कितीदा तरी मागेच बसले होते. पुढे वाकून ती तीन अक्षरं वाचावीत असं मला कधी सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, चढावर, घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या खालच्या तिसऱ्या वळणावर गाडीची मागची बाजू फिरली. त्याने जोर दिला, चाकं नुसती गरगरली, आणि गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेवरून खाली गेली. एका खडकाने ती अडवली, पण तो खडक सोनुनबूबूच्या बाजूच्या दारात घुसला. तोक्तोसुनच्या कपाळाला तीन टाके पडले. गाडीत तिसरं कोणी नव्हतं.

मयताला माणसं येऊ लागली की घरच्या पुरुषांनी युर्तीबाहेर, मयतासाठी उभारलेल्या गोल तंबूबाहेर, काठीवर रेलून हंबरडा फोडायचा असतो. तोक्तोसुन काठीवर रेलून नुसता उभा राहिला. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली. चाळिसावा झाल्यावर त्याने गाडी ठाकठीक करून घेतली आणि पुन्हा घाट चढायला लागला. बोलणं जवळजवळ संपलंच. कोणी विषय काढला तर एकच उत्तर, तेही हवा कशी आहे ते सांगावं तशा आवाजात, "साप जागा होता. मी दिवा लावला होता. तिचा दिवस भरला होता." मुल्लाही तेच म्हणाला, पोलिसही. मला त्याच्या त्या कोरड्या आवाजाचा राग यायचा. या माणसाला काही लागतच नाही, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

यंदा जानेवारीत त्याची मुलगी कानिशाय बाळंतपण उरकून सासरी निघाली. बाळाला चाळीस दिवस झाले होते. न्यायला सासू आणि नणंद आल्या होत्या. मला दाढ काढायला कारा-बाल्ताला जायचं होतं. मागे तिघी बसल्यावर जागा उरली नाही. दोन वर्षांत त्याने पुढच्या सीटवर कोणाला बसू दिलं नव्हतं. तिथे सोनुनबूबूची घडी घातलेली शाल असायची.

"मी उद्या जाईन, बाइके," मी म्हटलं. थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळं गाव त्याला बाइके म्हणतं.

"उद्या याहून जास्त बर्फ आहे," तो म्हणाला. त्याने शाल उचलून मांडीवर घेतली. "बस, मास्तरीणबाई."

पायथ्याशी गाडी थांबली. आम्ही ओमिन म्हटलं. त्याने कळ दाबून धरली, साप पेटला, आणि दाढेवर हात धरून बसलेल्या मी सहज तिकडे पाहिलं.

तीन अक्षरं. पाचवीच्या पोरांना मी पहिल्या महिन्यात शिकवते तो इंग्रजी शब्द, ‘ऑफ’. बंद.

मी पुन्हा वाचलं. दाढ ठणकायची थांबली, म्हणजे मला जाणवेनाशी झाली. दहा वर्षं हा माणूस प्रत्येक बर्फाच्या दिवशी घाट लागायच्या आधी गाडीची राखण स्वतःच्या हाताने बंद करत आला होता. त्या गुरुवारीही. सांगावं, तर ‘दिवा लावला होता’ हे एकच वाक्य धरून तो दोन वर्षं उभा होता. न सांगावं, तर मागे चाळीस दिवसांचं लेकरू होतं आणि वर तिसरं वळण होतं. त्याने गिअर टाकला.

"थांबा, बाइके."

"आता काय?"

"कानिशाय, ती दुधाची बाटली दे इकडे." मी झाकणात दूध ओतलं, बोट बुडवलं आणि हात लांबवून त्या पिवळ्या दिव्यावरच्या काचेला लावलं. "लेकराची पहिली वाट आहे. याच्या डोक्यावर दूध पडलं. आता याला जाऊ द्या."

"मास्तरीण, डोकं फिरलं का? जाऊ द्यायचं काय? बर्फ दिसत नाही?"

"दूध पडल्यावर सापाला अडवतात का कुठे?" मागून सासू म्हणाली. ती बिचारी मनापासून बोलत होती. "घालव बाबा त्याला. लेकरू आहे गाडीत."

तोक्तोसुन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कळ दाबली. साप विझला.

आम्ही वर चढू लागलो. तिसऱ्या वळणावर भुसभुशीत बर्फाखाली काचेसारखा गोठलेला बर्फ होता. मागची चाकं सुटली. साप लुकलुकला, इंजिनाचा जोर ओसरला, खालून कोणी दातओठ खावेत तसा करकर आवाज आला, आणि गाडी जराशी हलून पुन्हा सरळ झाली. बाळ जागं झालं नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने काहीच केलं नव्हतं, गाडी आपली आपण सावरली होती, आणि हे त्याच्या हातांना कळलं होतं.

बोगद्याच्या तोंडाशी रुंद जागा आहे. तिथे त्याने गाडी बाजूला घेतली. मला खुणेने खाली बोलावलं. वारा असा होता की बोलणं मागच्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"त्या तीन अक्षरांत काय लिहिलंय?"

"बाइके, पोरीला आधी पोचवू या ना."

"तू पोरांना शिकवतेस ना? मग मला सांग."

"बंद," मी म्हटलं.

"दिवा पेटतो तेव्हा?"

"तेव्हाच."

तो तसाच उभा राहिला, काठीवर रेलून उभा होता तसा, फक्त काठी नव्हती. मी बडबडत सुटले. बर्फच वाईट होता, राखण चालू असती तरी गाडी घसरली असती, कोणाला ठाऊक, मीही इतकी वर्षं वाचलं नाही, माझीच चूक. त्यातलं काही त्याच्या कानात गेलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "बस. बाळाला थंडी लागेल."

कारा-बाल्ताला त्याने मुलीला उतरवलं, आमच्या रीतीप्रमाणे बाळाच्या कपाळाचा वास घेतला. मी दाढ काढून आले तेव्हा तो एका गॅरेजवाल्याशी बोलत होता. गॅरेजवाला समजावत होता, "दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्रणा काम करते. फिरणारं चाक ती धरते आणि इंजिनाला आवरते. दिवा स्थिर पेटला की ती झोपली. बर्फात रुतलास आणि चाकं गरगरवून बाहेर पडायचंय, तेवढ्यापुरती बंद कर. बाहेर पडलास की लगेच चालू. लहान पोरालाही कळतं, आजोबा." तोक्तोसुनने त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

तेव्हापासून बर्फ पडला की तो सकाळी घाटाच्या पायथ्याशी उभा असतो. गावच्या गाड्या ओमिनसाठी थांबतात, आणि हा खिडकीशी जातो. पहिल्या दिवशी टॅक्सीवाला अशिमकान त्याच्यावर हसला होता, "बाइके, तुम्हीच तर शिकवलंत! आता म्हातारपणी साप चावला की काय?" तोक्तोसुनने त्याचं हसू संपू दिलं, आणि हवा कशी आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मी चुकीचं शिकवलं. दिवा पेटला की राखण बंद होते. माझी बायको त्यानेच मेली. कळीला हात लावू नकोस."

अशिमकानचा हात कळीवरून खाली आला. पुढच्या गाडीलाही तो हेच म्हणाला, त्याच्या पुढच्यालाही, त्याच शब्दांत. या हिवाळ्यात आमच्या गावची एकही गाडी दरीत गेलेली नाही. मी बरोबर केलं असं सगळे म्हणतात.

मी अजून त्याच्याच गाडीने जाते. पुढच्या सीटवर आता कोणीही बसतं, शाल घरी गेली आहे. त्या दिवसानंतर ‘तिचा दिवस भरला होता’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं नाही.