पाण्याची पाळी

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणायचे, मालकसुद्धा. तीस वर्षं पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते आणि जिभेला धार आली होती. शेजारी तिची धाकटी बहीण शिवायला बसायची. बहिणीला मुतखडा. डॉक्टरांनी बजावलं होतं, तासातासाला पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंड हातचं जाईल.

पण कागद भिजतील म्हणून आत पाणी आणायला बंदी, आणि बाहेर पाण्याला जायचं तर बिल्ला लागायचा. अकरा बायका, बिल्ला एक. दाराजवळच्या खिळ्यावरून तो उचलायचा, अंगणातल्या नळावर पाणी प्यायचं, जरा टेकायचं, की परत आणून लावायचा, नाहीतर थांबलेल्या पुढच्या बाईच्या हाती द्यायचा. एकीला दिवसातून दोन पाळ्या. तहानसुद्धा मोजून लागावी, हे या मालकाला शिकवलं कुणी? ताईनेच! खरी जळजळ तीच होती. वीस वर्षांपूर्वी ‘ती तीनदा गेली, मी एकदाही नाही’ म्हणून रोज कडाक्याची भांडणं व्हायची. सगळ्यांना सारखी फुरसत मिळावी म्हणून ताईने पुठ्ठ्यावर कापड चढवून, दुहेरी टाके घालून तो बिल्ला केला. मालकाला आयता लगाम मिळाला.

त्या आठवड्यात एक शब्दकोश शिवायला आला होता. ‘फ’चा फर्मा दुमडताना ताईची नजर अडकली. ‘फुरसत : मूळ अरबी. पाणवठ्यावर पाणी घ्यायची पाळी. त्यावरून संधी, मोकळा वेळ.’

तिने दोनदा वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आधी पाणी, मग आराम. आणि इथे? शेजारी बहीण कमरेवर हात दाबून, ओठ चावत सुई ओढत होती. बिल्ला खिळ्यावर नुसताच लटकत होता, पण तिच्या दोन्ही पाळ्या संपल्या होत्या.

ताई उठली. बिल्ला उचलून फाडायला गेली. फाटेना! स्वतःचीच शिलाई, मेली एक टाका सोडेना. मग ती तरातरा कटिंग मशीनकडे गेली.

“अहो ताई, हे काय चाललंय?” मालक धावत आला. “काही शिस्त आहे की नाही?”

“शिस्त मीच लावली होती. अक्कल गहाण ठेवली होती तेव्हा. सरका बाजूला.”

पातं खाली आलं. दोन तुकडे कात्रणांच्या टोपलीत पडले. ताईने बहिणीचा दंड धरला आणि तिला नळावर नेलं.

बहीण घटाघटा प्यायली. “आणखी पी,” ताई खेकसली. ती आणखी प्यायली. मग तोंड पुसून तिने सवयीने, पुढच्या बाईला बिल्ला द्यावा तसा, ताईपुढे हात केला. हातात काहीच नव्हतं.

ताईला रडू फुटलं, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.