एकोणीस बाय अकराची काच

सगळे त्याला हिरेवाला म्हणत. त्याच्याकडे हिरा होता एकच, तोही मोहरीएवढा, काच कापायच्या हत्याराच्या टोकाला बसवलेला. पण नाव पडलं ते पडलं. चाळीस वर्षं लोकांची फुटकी तावदानं बदलण्यात गेली, पाठ वाकली, बोटांना चिरा पडल्या, तरी रस्त्यात कोणी ‘काय हो हिरेवाले, आज किती हिरे विकले?’ असं विचारलं की म्हातारा खूश. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकाशी जरा जास्तच बोलायचा. एका विषयावर मात्र त्याची दातखीळ बसायची. काच फुटली कशी, हे तो कधीच विचारत नसे.

विचारायची गरजच नव्हती. बाहेरून चेंडू लागला तर तुकडे खोलीत पडतात. आतून कोणी भांडं भिरकावलं तर ते गल्लीत पडतात. गिऱ्हाईक दारातच ‘पोरांचा चेंडू हो’ म्हणून सुरुवात करी, हा मान डोलवी, आणि निमूटपणे गल्लीतले तुकडे गोणीत भरी. बाहेरचं गोळा करायला गोणी आणि झाडू न्यावा लागतो, म्हणून मापांच्या वहीत प्रत्येक घराच्या खुणेपुढे तो ‘आत’ किंवा ‘बाहेर’ लिहून ठेवायचा. ‘बाहेर’वाली कामं बहुतेक कारखान्याच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघत.

या वहीच्या मागे दवाखान्यातली नर्स लागली. पगाराच्या दिवशी तरी कारखान्याच्या फाटकासमोरचं दारूचं दुकान संध्याकाळी बंद ठेवा, असा अर्ज तिने आणि चार बायकांनी दिला होता. अर्ज घेणारे कचेरीतले साहेब म्हणाले, त्रास होतो म्हणता, तर आकडे दाखवा. पोलिसांकडे वर्षभरात तक्रारी दोन. आणि दवाखान्याच्या रजिस्टरात सगळ्या बायका पाय घसरून पडलेल्या.

“एवढ्या बायका घसरतात म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर लोणीच थापत असणार,” नर्स म्हणाली. “काका, माणसं लपवतात. तुमची वही लपवत नाही. नावं नकोत मला. घरं किती आणि किती वेळा, एवढंच द्या.”

म्हाताऱ्याने दोन दिवस आढेवेढे घेतले. लोकांनी भरवशाने घरात घेतलं, त्यांचं चव्हाट्यावर कसं मांडायचं? तिसऱ्या दिवशी नर्स पुन्हा दुकानात आली, स्टुलावर बसली आणि हललीच नाही. शेवटी त्याने वही पुढे सरकवली.

तिने बोट ठेवून ओळ न् ओळ मोजली. वर्षभरात ‘बाहेर’ची कामं चौसष्ट, घरं एकवीस. आकडा मिळाला म्हणून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच त्या उजळण्याची तिलाच लाज वाटली.

“एवढीच ना घरं?”

“एवढीच.”

साफ खोटं होतं. त्याच्या मुलीचं घर वहीत नव्हतं. त्या खिडकीचं माप त्याला पाठ होतं, एकोणीस बाय अकरा, मग लिहायचं कशाला? ‘बाबा, चेंडू लागला’ असा तिचा निरोप आला की शेजारी उठायच्या आत हा हजर. खिडकीखालचे तुकडे आधी उचलायचा, मग काच बसवून कडेने लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा. छोटी नात दाराआडून बघत असायची, जावई खाली मान घालून चहा आणून द्यायचा. हा तो प्यायचासुद्धा! गेल्या वर्षी याच सुमारास तर म्हाताऱ्याने कमाल केली. काम नव्हतं त्या दुपारी त्याच मापाच्या डझनभर काचा कापून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवून दिल्या. वेळ जायला नको. लेकीची अब्रू सांभाळतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं. खरं तर तो जावयाची सोय करून देत होता.

नर्स पिशवी आवरू लागली. म्हाताऱ्याची नजर फळीकडे गेली. त्याने गठ्ठा खाली घेतला, कागद सोडला. काचा दोन होत्या. एकेक काढून नेताना काही वाटलं नव्हतं. वजाबाकी त्याने आज पहिल्यांदा केली.

“सिस्टर, थांबा. बावीस घरं लिहा.”

“किती वेळा?”

“दहा.”

नर्सने नाव विचारलं नाही. चौऱ्याहत्तर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पुढच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी स्वतःच दुकानात आली. “बाबा, ती पोरं आणि त्यांचा मेला चेंडू...”

“मी सिस्टरला सांगितलं,” तो म्हणाला. “तुझं घर. दहा वेळा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कुणाला विचारून? उद्या सगळी गल्ली माझ्याकडे बघेल! आतापर्यंत झाकलंत ना, मग आताच काय झालं तुम्हाला?”

“झाकलं तेच चुकलं माझं. माफ कर, पोरी. दहा वेळा मी...”

“दहा वेळा काच फुटली,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. ती स्टुलावर बसली आणि डावा हात उजव्या हाताने धरून राहिली. “दरवेळी नाही फुटत, बाबा. मी मध्ये आले की नाही फुटत.”

म्हाताऱ्याने तिचा तो हात हातात घेतला आणि लहानपणी बघायचा तसा कोपरापर्यंत बघितला. मग रडला, भर दुकानात, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

थोड्या वेळाने दोघं उठली. आधी दवाखान्यात गेली. तिथे रजिस्टरात ती घसरून पडली नाही. मग नातीला आणि दोघींचे कपडे घेऊन यायला मुलीच्या घरी गेली. खिडकीखाली तुकडे तसेच पडले होते. म्हाताऱ्याने गोणी आणलीच नव्हती.