दवाखान्यातली सुट्टी

आमच्याकडे पेशंटला दवाखान्यातून घरी सोडलं की ‘सुट्टी झाली’ म्हणतात. बरा होऊन गेला तरी सुट्टी, आणि डॉक्टरांनी हात टेकले तरी सुट्टीच. यवतमाळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पण हा शब्द एखाद्या आईला असा फसवील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची मुलगी होती, आठेक वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. नागपूरला उपचार होऊन बरी झाली होती, पण दुखणं उलटलं. या खेपेला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी बापाला खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं. नागपूरला नेलं तर नळ्या घालून मशीनवर ठेवतील, थोडे दिवस वाढतील, पण पोर हाती लागणार नाही. त्यापेक्षा दुखणं कमी करणारं औषध देतो, घरी न्या. बाप सगळं ऐकून म्हणाला, “घरीच नेतो साहेब. फकत तिच्या मायले आत्ता सांगू नका. ते आयकनार नाई.”

डॉक्टर बाहेर आले आणि आईला एवढंच म्हणाले, “उद्या सुट्टी देतो.”

बाईचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. तिनं लगेच तांड्यावर फोन लावला. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत भराभरा बोलत होती, मला त्यातलं ‘सुट्टी’ तेवढं कळलं. पोरगी खाटेवरून “याडी, याडी” करत होती, म्हणजे आई, आई. तिलाही फोनवर बोलायचं होतं. मग बाई तिच्या डोक्याला तेल लावत बसली. औषधांनी गेलेले केस नुकते बोटभर आले होते.

माझं तोंड फटकळ. वॉर्डात मागून मला खडूस म्हणतात, तेही ठाऊक आहे. आमच्या घरातले सगळेच तसे. जे आहे ते तोंडावर सांगावं, ही आमची शिस्त. तरी त्या दिवशी मी गप्प बसले. पोरीला घरी जायचं होतं, आईलाही न्यायचं होतं. खोट्यावर का होईना, सगळं जुळून आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत मी सलाइनच्या बाटल्या बदलत राहिले.

सकाळी बाईनं मला गाठलं. “सिस्टर, शायेत कवापासून धाडू हिले? दिवाळीनंतर चालन का?”

शाळेला ‘हो’ म्हणणं माझ्यानं झालं नाही. मी तिला व्हरांड्यात नेलं, तिचा हात धरला आणि सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. बापाला ठाऊक आहे, हेही सांगितलं. ती रडली नाही.

“मंग डाक्टर सुट्टी काहून म्हन्ले?” तिनं विचारलं.

तिथून ती थेट डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, नागपूरला पाठवा. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा समजावलं, नवऱ्यानं हात जोडले. “घरी नेऊन निस्ती तिच्या तोंडाकडं पाहत बसू का?” ती म्हणाली. नवऱ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. ज्यानं एवढं लपवलं, त्याचं ती आता कशाला ऐकते?

दुपारी ॲम्ब्युलन्स निघाली. डॉक्टर माझ्यावर उखडले. “तुम्हाला हरिश्चंद्र व्हायला कोणी सांगितलं होतं?” मीही भडकले. “आई आहे ती. तिला कळायला नको?” आमचं भांडण रंगलं होतं आणि पोर नागपूरच्या रस्त्याला लागली होती.

ती मशीनवरच गेली. घरी जाणं झालंच नाही. मला डॉक्टरांचा राग आला, बापाचा आला, माझाही आला. न सांगता कसं राहायचं होतं, ते मला अजून कळत नाही. पण ती घरी पोचली असती, हे काही केल्या मनातून जात नाही.

पुढे एकदा नात्यातल्या कामानं बोरी अरबला गेले होते. बाजारात ती बाई दिसली. मी तोंड चुकवायला बघत होते, पण तीच जवळ आली.

“मी सांगाले नव्हतं पायजे का?” मी विचारून टाकलं.

“सांगतलं ते बरं केलं,” ती म्हणाली. “नाईतर जल्मभर वाटलं असतं, सगळ्याईनं मिळून मले फसवलं.” तिनं समोरच्या ढिगातली भाजी निवडायला घेतली. “गाडी नागपूरकडे वळली, तवा पोरगी पडल्या पडल्या म्हने, याडी, आपला रस्ता तर तिकडं ऱ्हायला.”

“मंग तू काय म्हन्लं?”

“तुमी मले सांगून मोकळ्या झाल्या, सिस्टर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मी तिले काय सांगनार होती?”