बिनवासाचं घर

साबणाची वडी झिजून पापडीएवढी झाली की आमच्या घरी ती टाकत नाहीत. नव्या वडीच्या पाठीला चिकटवतात. किश्श्यांचं तसंच आहे. दुपारी ओसरीवर चार बायका बसल्या की एकीच्या किश्श्याला दुसरीचा चिकटतो आणि वडी काही संपत नाही! आमच्या संगीताचे किस्से तर आता हट्टा गावापासून औंढ्यापर्यंत पाहुण्यारावळ्यांत फिरून राहिलेत. सांगणारे पदरचं घालतात. म्हणून म्हटलं, माझ्यासमोर घडले ते मीच सांगावेत.

संगीता माझी सून, मारोतीची बायको. आमची मेंढरं आहेत, थोडी शेती आहे आणि चिऊ नावाची तीन वर्षांची नात आहे. सगळं सुरू झालं ते चिऊच्या कातडीवरून. कोपराच्या खोबणीत, गुडघ्याच्या मागं, मानेवर लाल लाल चट्टे. पोरगी झोपेतसुद्धा खाजवायची, झबल्याला रक्ताचे ठिपके लागायचे. संगीता तिची नखं कापून कापून थकली.

वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "वासाचं सगळं बंद. कोमट पाणी, साधा बिनवासाचा साबण, तोही थोडाच. आणि तिला जे उचलतात, त्यांच्या अंगालाही सेंट-पावडर नको."

मी मनात म्हटलं, बाकीचं जमंल, हे शेवटचं आमच्या खानदानाला जमायचं नाही!

*

घरी आल्या आल्या संगीतानं वासाचं जे जे होतं ते बाजेवर मांडलं. गुलाबी साबण, पावडरचा डबा, माझं चमेलीचं तेल. सगळ्यात शेवटी म्हाताऱ्यांची अत्तराची कुपी. म्हातारे म्हणजे माझे मालक. ते कानात अत्तराचा फाया घातल्याशिवाय कधी बाजारात गेले नाहीत.

म्हातारे कळवळले. "संगीता, एवढी तरी राहू दे गं. मेंढरातला माणूस मी. लोक लांब बसतील."

सासऱ्याला ती मामा म्हणते. म्हणाली, "मामा, लोक लांब बसले तर बसू द्या. चिऊ तर जवळ बसंल!"

म्हाताऱ्यांनी कुपी उचलली, एकदा डोळे मिटून हुंगली आणि स्वतः जाऊन शेजारच्या पाटलाला देऊन आले. येताना म्हणाले, "पाटलाच्या मांडीवर कोण बसतंय तसंही!"

*

म्हाताऱ्यांनी ऐकलं, पण मारोतीनं? त्याला ती बगलेत मारायची फुसफुस लागायची. लग्नाला जायचं असो की खत आणायला, दोन फवारे मारल्याशिवाय गाडीला किक नाही. घरात मनाई झाली म्हणून गड्यानं बाटली मोटारसायकलच्या डिक्कीत लपवली.

चार-आठ दिवस गेले. चिऊच्या मानेवर पुन्हा लाली. संगीता घरभर हुंगत फिरली, कुठं काही सापडेना. मग ती अंगणात गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"अहो!"

"काय गं?"

"तुमची गाडी लई वास मारून राहिली. काहून? सोयरीक जुळली का तिची?"

मारोतीनं खाली मान घालून बाटली काढून दिली. त्या दिवसापासून तो शेतातून आला की आधी न्हाणीत जातो, मग पोरीला घेतो. आमच्या गावात बाप लेकरासाठी काय काय करतात ते मी पाहिलंय. पण बिनवासाचा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला!

*

साबण शोधायला आम्ही दोघी आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेलो. मला वाचता येत नाही, म्हणून संगीता वेष्टनावरचं मोठ्यानं वाचते. दुकानदारानं एक हिरवी वडी पुढं केली. वर पानं, फुलं, वेली, सगळं जंगल काढलेलं.

"ताई, हाच घ्या. शंभर टक्के नॅचरल! सगळा झाडपाला हाय."

संगीतानं वडी उलटी केली. मागं मुंग्यांसारखी बारीक अक्षरं. वाचून म्हणाली, "दादा, ह्याच्यात तर सुगंध घातलाय, रंग घातलाय. झाडपाला हाय तर मेंढीला टाकू का? खाती का बघू!"

"अहो ताई, खायचा न्हाई तो, लावायचा हाय!"

"लावायचाच. पण माझी पोरगी दिवसभर हात तोंडात घालून राहिली, त्याचं काय?"

दुकानदार बरा माणूस. वाकला आणि अगदी खालच्या फळीवरून धूळ झटकत एक पांढरी वडी काढली. ना वास, ना रंग, ना चित्र. म्हणाला, "ह्याला कुणी विचारत न्हाई ताई. वास न्हाई तर साबण कसला, म्हणतेत."

आता बाळापूरला जाऊन बघा. ती वडी गल्ल्याजवळ ठेवलेली असते. कुणी लेकरू खाजवताना दिसलं की दुकानदार स्वतःच म्हणतो, "थांबा, तुमाला चिऊच्या आईचा साबण देतो!"

*

तुम्ही म्हणाल, तो झाडपाला खोटा होता, खऱ्या झाडाचं तर सगळं चांगलंच. तसंही नाही.

आमची शेजारीण सोजरबाई वाटीभर हिरवा लगदा घेऊन आली. कडुनिंब, लिंबू आणि आणखी काय काय वाटलेलं. "लाव चिऊला. तीन दिवसांत चट्टे गायब! झाडाचं हाय, तकलीफ कसली?"

संगीता हसली. "मावशी, बिब्बा बी झाडाचाच हाय की!"

सोजरबाईचा हात आपोआप स्वतःच्या घोट्याकडं गेला. काटा मोडला म्हणून तिनं एकदा बिब्ब्याचा चटका घेतला होता. पाय असा उतला होता की महिनाभर चप्पल घालता आली नाही.

तिनं लगदा उकिरड्यावर टाकला. आणि दुसऱ्याच दिवशी हातपंपावर बायकांना सांगत होती, "मी संगीताला सांगितलं, झाडाचं म्हणून काय बी लावू नगं. बिब्बा बी झाडाचाच हाय!"

संगीता मागंच हंडा घेऊन उभी होती. फिसकन हसली, पण खोटं पाडलं नाही. तिची स्वतःची रीत अशी की नवीन काही आलं तर आधी स्वतःच्या कोपरात लावायचं, दोन दिवस बघायचं, मगच चिऊच्या अंगाला ठिपकाभर.

*

गल्लीतल्या पूजाला बघायला पाहुणे यायचे होते. तिनं बाजारातून गोरं व्हायची क्रीम आणली. डबीवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते. थोडे दिवस चेहरा काचेसारखा लखलखला. मग असा लालभडक झाला की उन्हात उभं राहवेना. पोरगी रडत आमच्याकडं आली.

संगीतानं डबी बघितली आणि आपल्या मनानं काहीच लावलं नाही. सरळ पोरीला बसमध्ये घालून त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

परतताना पूजाचा एकच घोर. "वैनी, पाहुणे येऊन राहिले. आता गोरी कशी दिसू?"

"पाहुण्याला म्हणावं, पोरगी बघायची तर ये. भिंत बघायची आसंल तर चुना लावून ठेवते!"

पूजा रडता रडता हसली. चेहरा निवायला बरेच महिने गेले. पाहुण्यांना पुढची तारीख दिली. ते आले, आणि पूजानं सावळ्या तोंडानं त्यांना चहा दिला. आज ती सेलूला नांदते आहे. सुखात!

*

आता वंदनाचं सांगते. वंदना माझी थोरली लेक, नांदेडला राहते. चिऊला पाहायला आली, तर गाडीतून ती उतरायच्या आधी तिचा सेंट उतरला. हातात भला मोठा गुलाबी डबा. आत लेकरांचा साबण, पावडर, लोशन आणि ते ओले रुमाल, पुसायचे.

"आत्या!" करत चिऊ पळाली. संगीता मधे आली.

"ताई, राग मानू नका. आधी हात-मान धुऊन घ्या, साडी बदला. माझी देते. मग उचला."

वंदनाचं तोंड उतरलं. "मी काय गोठ्यातून आले व्हय? एवढ्या लांबून लेकरासाठी आले, अन् तू मला न्हाणीत धाडतीस?"

"सेंटनं चट्टे उठतेत तिला."

"आन् हे? डब्यावर लेकराचा फोटो हाय, बघ!"

"त्या फोटोतल्या लेकराला चट्टे न्हाईत, ताई."

वंदना खाटेवर बसली. "राहू दे. न्हाई उचलत." चिऊ खांबाला धरून आत्याकडं बघत राहिली. मी गप्प. सून आणि लेकीच्या मधे बोलले असते तर माझंच भरीत झालं असतं!

दुपारी एक मेंढी व्याली. वंदना लहानपणी मेंढरांतच वाढलेली, तिला राहवलं नाही. राग विसरून मेंढरं कोंडायच्या जाळीत गेली. तिला कोकराबरोबर फोटो काढायचा होता, आणि कोकरू तर ओलं, चिकट. आम्ही घरात कामात होतो. तेवढ्यात चिऊ ओरडत आली, "आत्यानं पिलाला पावडर लावली!"

धावत गेलो. ओल्या रुमालांनी पुसून, पावडर लावून वंदनानं कोकरू लख्ख पांढरं केलं होतं. मेंढीनं ते हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि दिली ढुशी! कोकरू धडपडत उठलं, थानाकडं गेलं. पुन्हा ढुशी.

"अगं, तुझंच हाय ते!" वंदना मेंढीला म्हणाली. "तुझंच लेकरू हाय, बाई!"

पहिला चीक पोटात गेला नाही तर कोकरू टिकत नाही. वंदनाला हे सांगायची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

संगीतानं पाणी तापवलं. कोकरू कोमट पाण्यानं धुतलं, पोत्यानं कोरडं केलं. मेंढीचा चीक काढून, तिचाच वास यावा म्हणून, त्याच्या पाठीला, शेपटीला चोळला. वंदनानं मेंढीचं डोकं धरलं, मी कोकरू थानाला लावलं. ते प्यालं. पण हात सोडला की मेंढी पुन्हा मागं सरायची. पुन्हा धरायचं, पुन्हा पाजायचं. असं करता करता उन्हं उतरली.

मग मेंढीनं कोकराची शेपटी हुंगली. थांबली. पुन्हा हुंगली. आणि चाटायला लागली.

वंदना उठली. स्वतःचा पदर नाकाशी नेला आणि सरळ घराकडं चालू लागली. जरा वेळानं न्हाणीतून तिची हाक आली.

"संगीते, तुझा तो बिनवासाचा साबण कुठं ठेवलास गं? मला चिऊला उचलायचंय!"